स्कॉट, सर वॉल्टर

स्कॉट, सर वॉल्टर (१५ ऑगस्ट १७७१–२१ सप्टेंबर १८३२). स्कॉटिश कवी, लोकगीतांचा संग्राहक व कादंबरीकार. जन्म एडिंबरो येथे. बालपणीच्या आजाराने (तो बहुधा पोलिओ असावा) त्याचा उजवा पाय कायमचा अधू झाला. हवापालटासाठी त्याला स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरील सँडीनो येथे आजोबांच्या शेतावर ठेवण्यात आले. तेथे आजी व आत्या यांच्याकडून ऐकलेली गाणी आणि सीमेवरील लुटारू टोळ्यांच्या कथा हेच त्याच्या पुढील लेखनाचे मूळ भांडवल होय. १७९२ मध्ये त्याने वकिलीची सनद घेतली व १७९९ मध्ये तो सेल्कर्क परगण्याचा शेरिफ, म्हणजे न्यायाधिकारी झाला.

१७९२ पासून सुमारे सात वर्षे लिड्सडेल खोऱ्यात फिरून त्याने बॅलड, म्हणजे कथात्म लोकगीते जमवली. त्यांतूनच ‘मिन्स्ट्रल्सी ऑफ द स्कॉटिश बॉर्डर’ हा संग्रह सिद्ध झाला (खंड १ व २, १८०२, खंड ३, १८०३). या कामात त्याला साहाय्य करणारा जॉन लेडन १८०३ मध्ये मद्रासला आला. बाबराच्या आत्मचरित्राचे त्याने अपुरे ठेवलेले भाषांतर मुंबईतील विल्यम अर्स्किन याने पुरे केले.

संग्रहातील पाठ कितपत अस्सल आहेत, हा वाद अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही. अनेक पाठ एकत्र करून सर्वोत्तम वाटेल ते कडवे घेण्याची स्कॉटची रीत होती आणि ती त्या काळी गैर मानली जात नसे. १५९६ मध्ये इंग्लंडमधील कार्लाइलच्या किल्ल्यातून सीमेवरील एका लुटारूच्या झालेल्या सुटकेवरील ‘किनमाँट विली’ हे गीत मात्र केवळ त्याच्याच पाठात उपलब्ध आहे. अर्थबोधासाठी आपण काही दुरुस्त्या केल्याचे तो स्वतःच नमूद करतो. सुटका घडवणारा बकलूचा सरदार स्कॉटच्याच कुळाचा, ही बाबही दुर्लक्षणीय नाही. मेंढपाळ-कवी जेम्स हॉग याच्याकडून आलेले ‘ऑल्ड मेटलंड’ अधिकच संशयास्पद ठरले. अमेरिकन अभ्यासक फ्रान्सिस चाइल्ड याने बॅलडांच्या आपल्या प्रमाणभूत संग्रहात ते घेतले नाही. फिट्झविल्यम एलियट याने १९०६ मध्ये स्कॉटच्या विश्वासार्हतेवर आक्षेप घेतले, तर अँड्र्यू लँग याने १९१० मध्ये त्याची बाजू मांडली. स्कॉटने जाणूनबुजून फसवणूक केली असे म्हणण्यापेक्षा त्याच्यातील कवीने संपादकावर कुरघोडी केली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते. हॉगच्या आईचा आक्षेप वेगळाच होता: ही गाणी गाण्यासाठी होती, छापल्याने त्यांची जादू गेली, असे तिने स्कॉटला सुनावल्याचे हॉग सांगतो.

‘द ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रल’ (१८०५), ‘मार्मियन’ (१८०८) व ‘द लेडी ऑफ द लेक’ (१८१०) ही कथाकाव्ये त्याने यानंतर लिहिली. १८१३ मध्ये त्याने राजकवीपद नाकारले. ‘वेव्हर्ली’पासून (१८१४) सुरू झालेल्या, दीर्घकाळ निनावी राहिलेल्या कादंबऱ्या सुपरिचित आहेत. १८२० मध्ये त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. १८२६ मध्ये मुद्रण व प्रकाशन व्यवसाय बुडाल्याने सुमारे १,२०,००० पौंडांचे कर्ज त्याच्या अंगावर आले आणि ते त्याने लेखणीवर फेडण्याचा चंग बांधला. भुताटकी व चेटूकविषयक समजुतींवरील पत्ररूप ग्रंथ (१८३०) याच धडपडीतला असून तो घाईने लिहिल्याच्या खुणा त्यात दिसतात. ॲबट्सफर्ड येथे त्याचे निधन झाले. ड्रायबर्ग मठाच्या अवशेषांत त्याची कबर आहे.