आधी माती, मग पेन्सिल

जून उजाडला की नाशिकमधल्या बालवाड्यांच्या फाटकाशी एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "लिहायला कधी घेणार?" मूल असतं तीन वर्षांचं. शाळा गंगापूर रोडवरची मोठी असो की पंचवटीतल्या गल्लीतली छोटी, आईवडिलांची काळजी खरी असते. म्हणून तिला उत्तरही नीट द्यायला हवं, आणि ते मुलाच्या मनगटापासून सुरू होतं.

मोठ्या माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची, म्हणजे मऊ, लवचीक असतात, त्यामुळे एक्स-रेत दिसतच नाहीत. त्यातली दोन पहिल्या वर्षातच हाडाची होऊ लागतात, तिसरं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. बाकीची एकेक करत सहा-सात वर्षांपर्यंत, आणि शेवटचं, वाटाण्याएवढं हाड तर नवव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास. हा क्रम इतका ठरलेला असतो, की मुलाचं 'हाडांचं वय' काढायला डॉक्टर हाताचाच एक्स-रे घेतात. तिसऱ्या वर्षी पेन्सिल धरली म्हणून हाताला इजा होते, असं यातून सिद्ध होत नाही. पण तो हात अजून घडतो आहे, हे मात्र नक्की कळतं.

तो घडतो कसा? नवजात बाळाच्या तळव्याला बोट लावलं की ते मूठ आवळतं. ही प्रतिक्षिप्त क्रिया पाच-सहा महिन्यांत मावळते. नऊ-दहा महिन्यांचं बाळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जमिनीवरचा मुरमुरा उचलतं. दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरतं आणि खांद्यापासून हात हलवून रेघोट्या ओढतं. मग हालचालीचा ताबा कोपरात, मनगटात आणि अखेर बोटांत उतरतो. तीन बोटांची सफाईदार पकड बहुतेक मुलांना चार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमते. या वाटेवर हाताला हवं असतं ते जोर लावायला लावणारं, विरोध करणारं साहित्य. काचेच्या पडद्यावर बोट सरकवताना तो विरोध मिळत नाही.

मातीत तो भरपूर मिळतो. पोळ्याच्या आठवड्यात चार वर्षांच्या मुलीला काळ्या मातीचा गोळा द्या आणि शेजारी बसून नुसतं बघा. ती आधी तो थापटते, मग दोन तळव्यांत वळते. पाय करताना चारही सारख्या जाडीचे हवेत, हे तिला कुणी सांगत नाही. बैल कलंडला की कळतं. शिंगं चिमटीने ओढून काढताना माती ओली असेल तर ती वाकतात, कोरडी असेल तर तुटतात. ती पाण्यात बोट बुडवते, पुन्हा लावते. दुसऱ्या दिवशी बैलाच्या पाठीला तडा गेलेला असतो.

या तड्यामागचं कारण नाशिकच्या जमिनीत आहे. इथली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली आहे, आणि तो लाव्हा वाहिला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. या मातीतल्या खनिजाचे कण पापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की आकसते. निफाडच्या शेतात एप्रिल-मेमध्ये पडणाऱ्या भेगा आणि बैलाच्या पाठीवरचा तडा एकाच कारणाने होतात. आजी म्हणते, "अगं, थोडा भुसा कालव त्यात." भुशाचे धागे ताण वाटून घेतात आणि भेग पसरू देत नाहीत. मुलीला यातलं काही शब्दांत सांगता येणार नाही, पण पुढच्या वेळी ती भुसा मागून घेते. कारण आणि परिणाम यांचा संबंध तिने स्वतःच्या हातांनी जोडलेला असतो. याहून चांगला विज्ञानाचा पहिला धडा मला माहीत नाही.

दरम्यान मेंदूतही बरंच घडत असतं. एका हाताच्या तळव्याकडून आणि बोटांकडून स्पर्शाची खबर नेणारे चेतातंतू सुमारे १७,००० आहेत, असा अंदाज आहे. मेंदूचा कोणता भाग कोणत्या अवयवाचं काम बघतो, याचा नकाशा मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३७ मध्ये मांडला. त्यात हाताच्या वाट्याला आलेला भाग त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठा होता. हाताने किती जोर लावायचा हा हिशेब स्नायू आणि सांध्यांकडून येणाऱ्या संदेशांवर चालतो आणि सरावानेच अचूक होतो.

आता अक्षरांकडे येऊ. अमेरिकेत मेंदूच्या अभ्यासक केरिन जेम्स यांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरं हाताने काढली, काही गिरवली, काही कळफलकावर दाबली. नंतर मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा वाचनासाठी पुढे उपयोगी पडणारे भाग हाताने काढलेल्या अक्षरांना सर्वांत ठळक प्रतिसाद देत होते. म्हणजे हस्तलेखन महत्त्वाचं आहेच. प्रश्न फक्त कधी आणि कशाच्या पाठोपाठ, एवढाच आहे. आणि नुसतं गिरवण्याची ओढ आपल्याला फार आहे, हेही या निमित्ताने बोललं पाहिजे.

मातीखेरीज घरात काय आहे? मटार सोलणं, शेंगा फोडणं, मटकी निवडणं, कणकेचा उंडा मळणं, झेंडूची फुलं ओवणं. यात दोन्ही हात वेगवेगळं काम करतात: एक धरतो, दुसरा करतो. वही धरून लिहितानाही हेच लागतं. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर बांबूची टोपली विणणाऱ्या माणसाजवळ मूल बसलेलं असतं, तेव्हा ते एक वर, एक खाली हा क्रम डोळ्यांनी गोळा करतं. पुढच्या गणिताचा पाया इथेच पडतो, असं मी मानतो.

हे काही नवीन नाही. शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा विणणं, घड्या घालणं, माती हे त्यात होतं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. १९४५ मध्ये ताराबाईंनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. माँटेसोरीचं महागडं साहित्य वारली मुलांना परवडणार नव्हतं. म्हणून त्यांनी बिया, शंख-शिंपले, पानं, खडे वापरले. आज शहरातल्या पालकांना लाकडी आयात खेळणी 'नैसर्गिक' म्हणून मोठ्या किमतीला विकली जातात, तेव्हा मला कोसबाड आठवतं. साधेपणाला खर्च नसतो.

खेळणी कमी असावीत, यालाही आधार आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी दिली. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली.

मोकळ्या आवाराचंही तसंच. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेच्या दिवशी ४० मिनिटं जास्तीची बाहेर घालवायला दिली. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना लांबचं कमी दिसू लागलं होतं. बाकीच्यांत हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. यामागे उजेडाचा फरक असावा, असं मानतात: उजेड मोजण्याच्या एककात, लक्समध्ये, खोलीतला उजेड काहीशे असतो, बाहेर सावलीतही हजारो. फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि गवत आणून टाकलं, तेव्हा २८ दिवसांत तिथल्या मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली. कृत्रिम हिरवळ अंथरून स्वच्छता मिरवणाऱ्या शाळांनी हे वाचावं.

हात, निसर्ग आणि साधी राहणी यांचा आग्रह ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांच्या शाळाही (वाल्डोर्फ शाळा) धरतात. पहिली १९१९ मध्ये श्टुटगार्टला निघाली. त्यांच्या पद्धतीतलं विणकाम, बागकाम घ्यावं. सात-सात वर्षांच्या आध्यात्मिक टप्प्यांच्या त्यांच्या सिद्धांताला मात्र विज्ञानाचा आधार नाही, तो सोडून द्यावा.

राहिला मातीच्या घाणीचा मुद्दा. रस्त्याकडेची किंवा कुत्री-मांजरं बसतात तिथली माती घेऊ नका. शेतातली आणा, चाळा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा. नखं कापलेली असू द्या, खेळ संपला की साबणाने हात. धनुर्वाताची लस वेळेवर द्या. आणि राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीत आणि शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल या जंतनाशकाची गोळी मोफत मिळते, ती चुकवू नका.