तळणीचा आवाज आणि माशातलं पाणी

तापलेल्या तेलात ब्रेडचा चुरा लावलेला माशाचा तुकडा सोडला, की चर्रर्र आवाज उठतो आणि तुकड्याभोवती बुडबुड्यांची झालर धरते. बघताना तेलच उकळतंय असं वाटतं. पण तळणीच्या तापमानाला, म्हणजे 180 अंश सेल्सिअसच्या आसपास, खाद्यतेल उकळत नाही. ते सगळे बुडबुडे पाण्याच्या वाफेचे. बहुतेक माशांच्या मांसात वजनाच्या 70 ते 80 टक्के पाणी असतं, आणि 1 मिलिलिटर पाण्याची वाफ झाली की तिला दीड लिटरहून जास्त जागा लागते. आवाज येतो तो तिच्या बाहेर पडण्याचा.

मासा मऊ पडला की आपण चुऱ्याला नाहीतर तेलाला दोष देतो. माझं मत असं, की निम्मं काम कढई चुलीवर चढण्याआधीच बिघडलेलं असतं, ते माशाच्या ओल्या अंगामुळे. 1 ग्रॅम पाणी 20 अंशांवरून 100 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 335 ज्यूल उष्णता लागते. त्याच उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला मात्र सुमारे 2260 ज्यूल, म्हणजे जवळजवळ सातपट. जोवर वरचा थर ओला आहे, तोवर तेलाची उष्णता या कामातच खर्च होते आणि तो थर 100 अंशांच्या फारसा वर सरकत नाही. खरपूस रंग आणि वास देणारी मायार अभिक्रिया (इंग्रजी वळणाने मेलार्ड, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी 1912 मध्ये तिचं वर्णन केलं) जोर धरते ती 140 अंशांच्या पुढे. तोवर वाट बघावी लागते, आणि त्या वेळात आतला मासा शिजून कोरडा होतो.

म्हणून मीठ आधी लावावं. मीठ पेशींमधलं पाणी बाहेर ओढतं. 15 मिनिटांत तुकड्यावर थेंब जमतात. ते कापडाने नीट टिपून घ्यायचे. एकदा मी घाईत हे टिपणं वगळलं होतं. तेलात झारा घातला आणि चुऱ्याचं अख्खं आवरण मोज्यासारखं निसटून आलं. आत माशाला चिकटलेला पिठाचा पांढरा लगदा तसाच होता. मासा आणि आवरण यांच्यामध्ये पाण्याचा थर राहिला होता, त्याची वाफ झाली आणि तिने आवरण उचलून टाकलं.

कोरड्या माशावर आधी पिठाचा पातळ हात. पीठ उरलीसुरली ओल शोषतं आणि गुळगुळीत मांसाला खरखरीत करतं, म्हणजे अंडं धरून राहतं. अंडं हा इथला डिंक. पांढऱ्यातली प्रथिनं साधारण 62 अंशांपासून घट्ट व्हायला लागतात आणि 80 च्या आसपास पक्की बसतात. मासा, पीठ आणि चुरा यांना ती एकत्र बांधून टाकतात.

आता चुरा. ब्रेड भाजताना त्यातला स्टार्च एकदा शिजून फुललेला असतो, नंतर वाळलेला. तळताना त्यात उरलेलं पाणीही निघून जातं आणि स्टार्चच्या लांब साखळ्या एकमेकींत अडकून जागच्या जागी थिजतात. शास्त्रज्ञ या अवस्थेला काचेची अवस्था म्हणतात, आणि ती उपमा नाही. स्फटिकासारखी शिस्तबद्ध रचना नसलेला, तरीही कडक असा पदार्थ म्हणजे काच. दाताखाली ती वाकत नाही, तडकते. कुर्रकन जे ऐकू येतं ते अशा असंख्य बारीक तडांचं. थोडं जरी पाणी परत शिरलं, तरी त्याचे रेणू साखळ्यांमध्ये वंगणासारखं काम करतात. साखळ्या सरकायला लागतात, काच वितळल्यासारखी मऊ होते आणि आवरण वातड लागतं. तेच पीठ, तोच चुरा, फरक फक्त काही टक्के पाण्याचा. मला स्वयंपाकघरातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

जपानी पद्धतीच्या पांको चुऱ्यासाठीचा ब्रेड विजेचा प्रवाह सोडून भाजतात, त्यामुळे त्याला तपकिरी पापुद्रा येत नाही. त्याचे लांबट, सच्छिद्र तुकडे वाफेला भरपूर वाटा ठेवतात. चुरा माशावर दाबून घट्ट बसवू नये, तो याच कारणासाठी. हलक्या हाताने थोपटला की पुरे.

तेलाचं म्हणाल तर 175 ते 185 अंश. थंड तेलात वाफ हळू सुटते आणि आवरण ओलंच राहतं. फार कडक तेलात चुरा करपतो. तुकडे एकदम खूप सोडले की तापमान कोसळतं, तेव्हा दोन-तीनच सोडावेत. माशाचं मांस साधारण 60 अंशांनाच शिजतं, त्यामुळे बोटभर जाडीच्या तुकड्याला 3-4 मिनिटं खूप झाली. चर्रर्र बारीक होत आला की काढायचा. आवाज पूर्ण थांबेपर्यंत थांबलात, तर हवं होतं ते पाणीही गेलं.

तेल खऱ्या अर्थाने आत शिरतं ते तुकडा बाहेर काढल्यानंतर. तळताना बाहेर झेपावणारी वाफ तेलाला फारसं आत येऊ देत नाही. तुकडा थंडावला की छिद्रांतली वाफ परत पाणी होते, आतला दाब घटतो आणि पृष्ठभागावरचं तेल आत खेचलं जातं. म्हणून काढल्याकाढल्या झारा झटकावा आणि गरम असतानाच तेल निथळू द्यावं. तेही जाळीवर, कारण ताटात ठेवलेल्या तुकड्याच्या खाली वाफ अडकते आणि तीच बाजू आधी मऊ पडते. झाकण तर मुळीच नको.

उरलेले तुकडे फ्रीजमध्ये मऊ होतातच, कारण आतल्या माशातलं पाणी हळूहळू आवरणात झिरपतं. मायक्रोवेव्ह आतलं पाणी तापवून आणखी आवरणात ढकलतो. त्याऐवजी तापलेल्या ओव्हनमध्ये जाळीवर ठेवले, तर आवरणातलं पाणी बाहेरच्या कोरड्या हवेत निघून जातं आणि 10 मिनिटांत चुरा पुन्हा तडकायला लागतो.