शनीवर वजन किती भरेल?

शनीचं वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट. मग इथे ६० किलो भरणारा माणूस तिथे किती भरावा? साडेपाच हजार किलोंच्या पुढे? नाही, जेमतेम ६४! शनीला टणक जमीन नाही. त्यामुळे ढगांमध्ये जिथे दाब आपल्या हवेइतका असतो, ती पातळी हिशेबाला धरतात. इथे शनीच्या स्वतःभोवती गरगर फिरण्याचा परिणामही सोडून दिला आहे.

एवढ्या अवाढव्य ग्रहावर फक्त चार किलोंची भर कशी? उत्तर न्यूटनने १६८७ मध्येच देऊन ठेवलंय. वस्तुमान वाढलं की ओढ वाढते, पण केंद्रापासूनचं अंतर वाढलं की ती अंतराच्या वर्गाने घटते. शनीची त्रिज्या पृथ्वीच्या साधारण साडेनऊ पट आहे आणि साडेनऊचा वर्ग नव्वदच्या घरात जातो. ९५ ला ९० ने भागा, कोडं सुटलं. चंद्राचं याच्या नेमकं उलट. त्याचं वस्तुमान पृथ्वीच्या ८१व्या भागाइतकंच, पण तिथे उभं राहिलं की त्याचं केंद्र पायाखाली अवघ्या १७३७ किलोमीटरवर असतं. म्हणून वजन ८१वा भाग न होता सहावा भाग होतं.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती बुध आणि मंगळ यांची जोडी. मंगळाचं वस्तुमान बुधाच्या जवळजवळ दुप्पट. तरी आपला ६० किलोंचा माणूस दोन्हीकडे साडेबावीस-तेवीस किलोच भरतो. बुध लहान आहे, पण लोखंडाने ठासून भरलेला. त्याच्या त्रिज्येचा सुमारे ८५ टक्के भाग लोहगाभ्याचाच आहे. शनीचा उपग्रह टायटन तर आकाराने बुधाहूनही मोठा. पण त्यात बर्फाचा वाटा भरपूर, त्यामुळे तिथे वजन सव्वाआठ किलो, म्हणजे चंद्रावरच्या दहा किलोंपेक्षाही कमी! नुसत्या आकारावरून अंदाज बांधला की हमखास फसगत होते.

आता मोजायचं कशाने, हेही महत्त्वाचं. चंद्रावर स्प्रिंगचा काटा ६० च्या जागी १० दाखवेल. पण दोन पारड्यांचा तराजू नेला, तर तो ६० किलोंच्या मापांशीच बरोबर तोलला जाईल, कारण ओढ मापांचीही तेवढीच घटलेली असते. काटा वजन सांगतो, तराजू वस्तुमान. आणि वस्तुमान कुठेही गेलं तरी बदलत नाही. म्हणूनच चंद्रावर उडी मारणं सोपं, पण वेगात असताना थांबणं किंवा वळणं अवघड: वजन घटतं, जडत्व तेवढंच राहतं.

१९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकाच वेळी सोडलं. ते चित्रण आवर्जून पाहा. हवा नसल्याने पीस तरंगत नाही, दोन्ही एकदमच जमिनीला टेकतात. पण त्याहून नजर खिळते ती पडण्याच्या संथपणावर. पृथ्वीवर तेवढ्या उंचीवरून हातोडा अर्ध्या सेकंदाच्या जरा पुढे खाली आला असता. तिथे त्याला अडीच पट वेळ लागतो.

याहून लहान जगात शिरलं की सवयीचे सगळे अंदाज कोलमडतात. मंगळाच्या डायमॉस या चंद्रावर ताशी वीस किलोमीटरहून थोड्या जास्त वेगाने फेकलेला चेंडू परत येतच नाही. तो मंगळाभोवती स्वतंत्रपणे फिरू लागतो. १२ नोव्हेंबर २०१४ ला फिली हे यान एका धूमकेतूवर उतरलं. पृथ्वीवर १०० किलोंचं हे यान तिथे भरत होतं जेमतेम एक ग्रॅम. त्याला जमिनीत रोवून धरणारे भाले सुटलेच नाहीत. माणसाच्या चालीच्या वेगाने ते टेकलं, उसळलं, सुमारे एक किलोमीटर वर गेलं आणि पुन्हा खाली टेकायला त्याला जवळजवळ दोन तास लागले. शेवटी ते थांबलं एका कड्याच्या सावलीत, जिथे त्याच्या सौरपट्ट्यांना पुरेसं ऊन मिळेना.