वीस मिनिटांचं औषध, दहा दिवसांचा परिणाम

"गोळ्या दोन दिवस बंद ठेवल्यात. रक्त जरा घट्ट झालं की दाढ काढायला बरं," ओळखीतले एक काका फोनवर मला सांगत होते. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवलाय. तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या रोज चालू आहेत. त्या दोन्ही त्यांनी कुणालाही न विचारता थांबवल्या होत्या. "आधी डॉक्टरांना फोन करा," एवढं सांगून मी फोन ठेवला, पण तो 'घट्ट' शब्द काही डोक्यातून जाईना.

या गोळ्यांनी रक्त पातळ होतच नाही. रक्ताचा दाटपणा मुख्यतः त्यातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर ठरतो, आणि त्या पेशींना या गोळ्या हातही लावत नाहीत. दहा वर्षं अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या माणसाचं रक्त तुमच्याआमच्याइतकंच दाट असतं. बदलतं ते एवढंच, की जखम झाल्यावर गुठळी धरायला वेळ लागतो. दाढी करताना ब्लेड लागलं तर एरवी दोन-तीन मिनिटांत थांबणारं रक्त कापसाचा बोळा बदलायला लावतं.

हे काम प्लेटलेट्सचं. शाळेत आपण त्यांना रक्तपट्टिका म्हणून शिकलो. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, त्या दीड ते साडेचार लाख असतात. प्रत्येकीचा व्यास दोन ते तीन मायक्रोमीटर. रक्तवाहिनीचं अस्तर शाबूत असेल तोवर त्या गुळगुळीत चकत्यांसारख्या वाहत राहतात. अस्तर फाटलं की खालचं कोलॅजेन उघडं पडतं, पहिल्या काही प्लेटलेट्स तिथे चिकटतात, आणि मग त्यांचा आकारच बदलतो. चकतीला काटे फुटतात. सोबत त्या दोन रासायनिक हाका मारतात, एक एडीपीची आणि दुसरी थ्रॉम्बॉक्सेनची. हाका ऐकून शेजारून वाहणाऱ्या प्लेटलेट्स थांबतात, त्याही काटे काढतात, एकमेकींना धरून बूच तयार करतात. बोट कापलं तर हे वरदान. पण हृदयाच्या धमनीतला चरबीचा थर फुटला तरी तिथेही हेच होतं, कारण आपण बाहेरच्या जखमेवर नाही, हे प्लेटलेटला कळत नाही. धमनी बंद झाली की हार्ट अटॅक.

काकांच्या दोन गोळ्या या दोन वेगवेगळ्या हाका बंद करतात. क्लोपिडोग्रेल एडीपी ऐकणारा कान बुजवतं. अ‍ॅस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेन तयारच होऊ देत नाही, आणि ते ज्या पद्धतीने हे करतं तो माझ्या मते सगळ्या औषधशास्त्रातला सर्वांत देखणा प्रकार आहे. थोडं सविस्तर सांगतो.

थ्रॉम्बॉक्सेन बनवायला कॉक्स-१ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. या विकराच्या पोटात एक अरुंद बोगदा असतो. कच्चा माल त्या बोगद्यातून आत जातो. बोगद्याच्या वाटेवर सेरीन नावाचं एक अमिनो आम्ल आहे. अ‍ॅस्पिरिनचा रेणू तिथे पोचतो, स्वतःचा असिटाइल गट काढून त्या सेरीनवर डकवतो आणि निघून जातो. बोगदा कायमचा बंद. ही गोष्ट 1971 मध्ये जॉन वेन यांनी दाखवलेल्या धाग्यावरून पुढे उलगडत गेली. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन गटाची रसायनं बनू देत नाही, हे त्यांचं काम, आणि त्यासाठी 1982 चं नोबेल त्यांना विभागून मिळालं.

आता खरी गंमत. साध्या पेशीचं विकर असं बाद झालं तर तिचं केंद्रक नव्याची ऑर्डर सोडतं आणि काही तासांत नवं विकर हजर होतं. प्लेटलेटला केंद्रकच नाही. अस्थिमज्जेतल्या एका प्रचंड पेशीचे तुकडे पडून ती जन्मते, म्हणजे ती पेशी नव्हेच, पेशीचा कपटा. तिचं विकर एकदा गेलं की उरलेलं आयुष्य, सात ते दहा दिवस, ती मुकीच. म्हणून रक्तात जेमतेम वीस मिनिटांत निम्मं होणाऱ्या औषधाचा परिणाम आठवडाभर टिकतो. औषध केव्हाच गेलेलं असतं, त्याने लावलेलं कुलूप उरतं.

मग मनात येईल, असिटाइल गट रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या विकरावरही डकत असेल ना? तिथे तर उलट काम करणारं प्रोस्टासायक्लिन बनतं, ते प्लेटलेट्सना शांत ठेवतं. बरोबर. पण आतड्यातून शोषलेलं अ‍ॅस्पिरिन आधी यकृताकडे जाणाऱ्या शिरेत येतं. तिथून वाहणाऱ्या प्लेटलेट्सना ते पूर्ण तीव्रतेने गाठतं. यकृत त्यातलं साधारण अर्धं मोडून टाकतं, आणि बाकीच्या शरीरात पोचतं ते विरळ अ‍ॅस्पिरिन. त्यात अस्तराच्या पेशींना केंद्रक असल्यामुळे त्या नुकसान भरून काढतात. म्हणून 75 ते 100 मिलिग्रॅमची छोटी मात्रा रोज पुरते. डोकेदुखीसाठी लागते तेवढी मोठी मात्रा घेऊन संरक्षण वाढत नाही, रक्तस्राव मात्र वाढतो. (हा परिच्छेद जड गेला असेल तर सोडून द्या, पुढचं कळायला अडणार नाही.)

काकांच्या दोन दिवसांचा हिशेब प्लेटलेटच्या त्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यातूनच निघतो. रोज साधारण दहा टक्के प्लेटलेट्स नव्या येतात. दोन दिवसांत वीस टक्के बदलल्या. पण हिशेब इतका सरळही नाही, कारण नव्या प्लेटलेट्सनी मारलेली हाक जुन्या मुक्या प्लेटलेट्सना ऐकू येते. त्यांना बोलता येत नाही, कान शाबूत आहेत. त्यामुळे सगळ्या बदलायच्या आधीच गुठळी धरण्याची ताकद बरीचशी परत येते. थोडक्यात, दाढेचं रक्त थांबायला दोन दिवसांनी नेमका किती फायदा होईल ते सांगता येत नाही, आणि स्टेंटमधला धोका मात्र तेव्हापासूनच वाढायला लागतो. स्टेंट म्हणजे धातूची जाळी. तिच्यावर शरीराचं अस्तर चढायला महिने लागतात. तोवर प्लेटलेटच्या दृष्टीने ती उघडी जखमच. स्टेंट गुठळीने अचानक बंद होणं क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं, आणि त्याच्या मोठ्या कारणांमध्ये गोळ्या वेळेआधी सोडणं हे एक आहे. दात काढायला बहुतेक वेळा या गोळ्या थांबवाव्या लागत नाहीत. हिरडीवर दाब देता येतो, टाका घालता येतो. मेंदूच्या किंवा मणक्याच्या शस्त्रक्रियेत तसा दाब देता येत नाही, म्हणून तिथला निर्णय वेगळा. तो हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांनी मिळून घ्यायचा.

एखादा दिवस गोळी चुकली तर? अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचं कुलूप टिकाऊ आहे, त्यामुळे एका चुकीने आभाळ कोसळत नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच घ्यायची, दोन नाहीत. पण क्लोपिडोग्रेलऐवजी टिकाग्रेलॉर नावाचं औषध घेणाऱ्यांनी हे स्वतःला लावू नये. ते एडीपीच्या कानात बसतं आणि उठूनही जातं, म्हणूनच ते दिवसातून दोनदा असतं.

दुसऱ्या औषधांशी होणारी टक्कर हा तर सर्वांत दुर्लक्षित भाग. गुडघेदुखीसाठी इबुप्रोफेन घेतलं की ते त्याच बोगद्यात तात्पुरतं जाऊन बसतं. मागून आलेल्या अ‍ॅस्पिरिनला सेरीनपर्यंत वाटच मिळत नाही. अ‍ॅस्पिरिन झपाट्याने ओसरतं, काही तासांनी इबुप्रोफेनही उठून जातं, आणि प्लेटलेट बोलती ती बोलतीच. शिवाय दोन्ही मिळून पोटातून रक्तस्रावाचा धोका वाढवतात तो वेगळाच. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल बरं. क्लोपिडोग्रेलची गोष्ट निराळी. ते यकृतात गेल्यावरच कामाचं होतं, आणि अ‍ॅसिडिटीचं ओमेप्राझोल त्या यकृतातल्या विकराला अडवतं. पॅन्टोप्राझोलचा अडथळा कमी. म्हणून अ‍ॅसिडिटीची गोळीसुद्धा मनाने बदलू नये.

पोट हा अ‍ॅस्पिरिनचा दुखरा कोपरा. जठराच्या अस्तराला संरक्षक थर ठेवायला तेच कॉक्स-१ लागतं. आवरण चढवलेली गोळी घेतली की पोट सुरक्षित, हा समज चुकीचा आहे, कारण परिणाम रक्तातून होतो. डांबरासारखं काळं, चिकट शौच झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, तेही त्यांना सांगा). डोक्याला मार लागला तर बाहेर टेंगूळ दिसो न दिसो, तपासणी हवी.

पालेभाज्या बंद करणारे लोकही भेटतात. तो नियम वॉरफरिन या गुठळी रोखणाऱ्या दुसऱ्या औषधाचा. वॉरफरिन 'के' जीवनसत्त्वाचं काम अडवतं, प्लेटलेटचं नाही, आणि अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याने पालेभाजी सोडून काहीही साधत नाही. दुसरं टोक म्हणजे लसणाच्या कॅप्सूल आणि 'नैसर्गिक रक्तशुद्धी'चे फिरणारे मेसेज. त्यांचा असर खरंच असेल, तर गोळीसोबत घेऊन रक्तस्राव वाढेल. नसेल, तर गोळी सोडून त्या घेणं म्हणजे स्टेंट उघड्यावर टाकणं. दोन्हीकडून तोटाच.

आणि ज्यांना हृदयाचा आजार झालेलाच नाही त्यांनी 'घ्यावी बापडी रोज एक' म्हणून अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये. 2018 मध्ये अ‍ॅस्प्री या चाचणीचे निष्कर्ष आले. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले 19,114 निरोगी वयस्कर लोक त्यात होते. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत हृदयविकार लक्षणीय घटला नाही, मोठा रक्तस्राव मात्र 3.8 टक्के लोकांना झाला, गोळीच्या नावाखाली काहीच न मिळालेल्यांत 2.8 टक्के. आजार झालेल्यांचा हिशेब वेगळा, त्यांच्या बाबतीत फायदा भारी पडतो. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं अशी लक्षणं दिसली तर घरीच अ‍ॅस्पिरिन देऊ नका. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही.

काकांनी संध्याकाळी हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. दोन्ही गोळ्या त्याच रात्री पुन्हा सुरू झाल्या. पुढच्या आठवड्यात दाढ निघाली, एक टाका पडला, आणि कापसाचा बोळा दातांत दाबून ते पाऊण तास गप्प बसले. काकूंच्या मते, एवढा वेळ ते गप्प बसल्याचं हे पहिलंच उदाहरण.