खांदा नेमका कुठे? .२८० इम्प्रूव्ह्डच्या पुंगळ्यांची पार्श्वभूमी

काडतुसाचं पितळी कवच म्हणजे पुंगळी. तिचं जाड अंग जिथे निमुळतं होतं तो खांदा, आणि गोळी धरणारा पुढचा भाग म्हणजे मान. हौशी लोकांनी घडवलेलं, कारखान्याच्या यादीत नसलेलं कुठलंही काडतूस म्हणजे वाइल्डकॅट. पण प्रत्येक वाइल्डकॅट ‘इम्प्रूव्ह्ड’ नसतं, आणि इथेच बोलण्यात घोळ होतो. .२५-०६ हे .३०-०६ ची मान आवळून झालं, .२२-२५० हे .२५० सॅव्हेजची. दोन्ही अमेरिकेत वर्षानुवर्षं वाइल्डकॅट म्हणून चालली आणि अनुक्रमे १९६९ व १९६५ मध्ये कारखान्यात शिरली. इम्प्रूव्ह्ड म्हणवून घ्यायचं तर मूळ जातीचं बाजारी काडतूस नव्या चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत) तसंच घालून उडवता आलं पाहिजे. एका बारात पुंगळीच्या अंगाचा उतार जवळपास जातो, खांदा ताठ होतो आणि पोटात दारू जास्त मावते. यालाच फायरफॉर्मिंग म्हणतात. पोटातली जागा ४ टक्के वाढली तर वेग जेमतेम १ टक्का वाढतो. जुन्या बढायांमध्ये मात्र आकडेही पुंगळीसारखेच फुगलेले असत.

काही जण फायरफॉर्मिंग करताना गोळी वाया जाऊ नये म्हणून तिच्याऐवजी दारूवर रवा भरून बार काढतात. ‘क्रीम ऑफ व्हीट’ नावाने अमेरिकेत जे न्याहारीला खातात तो आपला उपम्याचाच रवा.

पितळ ताणलं की कडक होतं, म्हणून आधी मान तापवून नरम करायची पद्धत पडली. ताण साठलेलं पितळ काय करतं हे भारतात फार पूर्वीच दिसलं होतं. ब्रिटिश फौजेच्या साठ्यातल्या पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकत. तबेल्यातला अमोनिया आणि पितळात राहिलेला ताण ही त्यामागची जोडी १९२१ मध्ये उलगडली.

खरा वाद .२८० एकली इम्प्रूव्ह्डचा (एकली हे एका अमेरिकन गनस्मिथचं नाव). मूळ .२८० रेमिंग्टन १९५७ चं, खांदा साडेसतरा अंशांचा. इम्प्रूव्ह्ड रूपात तो ४० अंशांचा झाला. जुने गनस्मिथ (बंदुका घडवणारे कारागीर) चेंबर मूळ .२८० च्या गेजपेक्षा, म्हणजे माप तपासायच्या ठोकळ्यापेक्षा, ०.००४ इंच आखूड ठेवत. त्यामुळे बाजारी काडतूस मान आणि खांद्याच्या सांध्यावर किंचित दाबून बसे आणि पुंगळीचा तळ बोल्टला (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याला) टेकलेला राही. हा चिमूटभर दाब म्हणजेच सगळी युक्ती. तो नसेल तर फायरिंग पिन (काडतुसाच्या तळावर आघात करणारी सुई) पुंगळीला पुढे ढकलते, पुढचा भाग भिंतीला चिकटतो आणि तळाजवळचं पितळ ओढलं जाऊन पातळ होतं. टोक वाकवलेली पेपरक्लिप आतून फिरवली की तिथली खाच बोटाला कळते. अशी पुंगळी पुढच्या एखाद्या बाराला तिथेच तुटते.

२००७ च्या सुमारास ओरेगॉनमधल्या एका कंपनीच्या पुढाकाराने या काडतुसाला अधिकृत माप मिळालं. नवं हेडस्पेस, म्हणजे बोल्टपासून काडतूस जिथे अडतं तिथपर्यंतचं अंतर, जुन्यापेक्षा आखूड निघालं. ०.०१४ इंच हा आकडा बहुतेकांच्या तोंडी असतो. तो कुठून कुठपर्यंत मोजायचा यावरच भांडण. एक पक्ष म्हणतो, जुनी मोजणी सांध्यावर आणि नवी उतरत्या खांद्यावर, त्यामुळे फरक वाटतो तेवढा नाही. दुसरा म्हणतो, पन्नासेक वर्षं चाललेलं माप बदलायची गरजच नव्हती. माझा कल दुसऱ्यांकडे आहे. नव्या मापाची तयार पुंगळी जुन्या चेंबरमध्ये सैल बसते, म्हणजे जी ढिलाई टाळायला ०.००४ इंचांचा नियम आला तीच मागच्या दाराने परत आली. आखूड चेंबरमध्ये मूळ .२८० जास्त घट्ट बसतं, हा नव्या मापाच्या बाजूचा मुद्दा. पण बोल्ट बंद करताना हाताला जोर लागतो.

अधिकृत मापाने एक सोयही झाली. ४० अंशांच्या खांद्याच्या पुंगळ्या आणि भरलेली काडतुसं आता डब्यातून मिळतात, त्यामुळे नव्या मालकांपैकी अनेकांना फायरफॉर्मिंग करावंच लागत नाही. जुन्या नळीवाल्यांना मात्र मूळ .२८० उडवूनच पुंगळ्या घडवणं सुरक्षित वाटतं. नळीवरच्या शिक्क्यात बहुधा दोन्हीकडे ‘.२८० एआय’ एवढंच असतं.