टेलिफोटो लेन्सने तेजोमेघांचे फोटो काढणे

ताऱ्यांच्या मधल्या जागेत वायू आणि धुळीचे जे प्रचंड ढग पसरलेले असतात त्यांना तेजोमेघ म्हणतात, आणि दुर्बीण न वापरता साध्या डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेऱ्याला १३५ ते ३०० मिमीची लेन्स लावून त्यांचे फोटो काढायची ही पद्धत. सगळ्यांचा पहिला समज असा की एवढ्या लांबचं काही टिपायचं तर झूम जबरदस्त लागणार. तसं नाहीये. मृग नक्षत्रातला मोठा तेजोमेघ, म्हणजे एम ४२, आपल्यापासून १३०० प्रकाशवर्षांहून लांब आहे तरी आभाळात पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंद भरतो, आणि हंस तारकासमूहातला 'उत्तर अमेरिका' तेजोमेघ (एनजीसी ७०००) तर जवळपास चौपट. अडचण आकाराची नाही, मंद उजेडाची आहे. म्हणून इथं लेन्सच्या लांबीपेक्षा तिचं तोंड किती मोठं, आभाळ किती काळं आणि तुमच्याकडे रात्री किती, हे जास्त महत्त्वाचं.

आता तोंड मोठं म्हणजे ७०-२०० मिमी एफ २.८ सारखी लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), जिची किंमत ऐकून कास्तकाराचं पोरगं तिथंच गप्प होतं. पण विदर्भातल्या जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी ही लेन्स असतेच, लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे! लग्नसराईत ती हाताला लागत नाही, पण पौषात लग्नं नसतात, आणि नेमकं पौषातच मृग नक्षत्र रात्री नऊ-दहा-अकराला डोक्यावर असतं. पौष अमावस्येच्या आगेमागे चार रात्री भाड्याने नाहीतर ओळखीवर मागून आणायची, विदर्भातला याहून सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.

यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही, कारण या प्रकाराची सुरुवातच अशी उसनवारीची आहे. एम ४२ चा पहिला फोटो अमेरिकेच्या हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० ला काढला तो ११ इंची दुर्बिणीतून, ५१ मिनिटं प्लेट उघडी ठेवून. पण खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड बर्नार्डने १८८९ पासून अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत आकाशगंगेचे जे गाजलेले फोटो काढले ते विलार्ड नावाच्या लेन्सने, आणि ती मुळात माणसांचे पोर्ट्रेट काढायच्या स्टुडिओतली जुनी लेन्स होती. तोंड सहा इंचाचं, उजेड भरपूर, दृश्य रुंद, बस एवढंच त्याला हवं होतं.

विदर्भात जागेची ददात नाही. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातला पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आभाळ काळं राखलेली जागा, म्हणून जाहीर झाला, मेळघाटात चिखलदऱ्याच्या पलीकडे किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागातही आभाळ तसंच काळं मिळतं. पण जंगलात रात्री उभं राहायला परवानगी लागते आणि वाघाला आपला छंद समजत नाही, त्यापेक्षा गावापासून दोन-तीन किलोमीटरवरचं वावर बरं, फक्त ग्रामपंचायतीचे पांढरे एलईडी दिवे झाडाआड गेले पाहिजेत. एक गोष्ट मात्र आधीच ठरवून घ्या, चना-तुरीला रानडुकरं येतात म्हणून आजूबाजूला लोक जागलीला असतात आणि अंधारात काही हललं की बॅटरी मारतात. शेजारच्या वावरातल्या काकांनी एकदा थेट लेन्सवरच बॅटरी मारली आणि विचारलं, "काय करून रायला बे एवढ्या थंडीत?" म्हटलं, "आभायाचा फोटो काढून रायलो काका." त्या वेळच्या चार फ्रेम पांढऱ्याफट. तेव्हापासून जागलीवाल्यांना संध्याकाळीच सांगून ठेवतो.

ट्रॅकर, म्हणजे आभाळाच्या वेगाने कॅमेरा फिरवणारं यंत्र, नसेल तर सगळा खेळ पृथ्वीच्या फिरण्याशी आहे. आभाळ सेकंदाला १५ विकला सरकतं (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). २०० मिमी लेन्स आणि ४ मायक्रॉनच्या आसपासचे पिक्सेल धरले तर एका पिक्सेलमध्ये साधारण ४ विकला मावतात, म्हणजे एका सेकंदातच तारा पावणेचार पिक्सेल लांब होतो, आणि एम ४२ खगोलीय विषुववृत्ताच्या, म्हणजे आभाळ सगळ्यात वेगाने सरकतं त्या पट्ट्याच्या, अगदी जवळ असल्यामुळे त्याला यात काही सूट मिळत नाही. म्हणून एक सेकंदाची फ्रेम (शटर एकच सेकंद उघडं), आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता १६०० ते ३२००, एफ २.८, आणि अशा फ्रेम शेकड्यांनी. मृगाच्या पोटातले तीन तारे, म्हातारी माणसं ज्यांना तिकांडं म्हणतात, ते सापडले की त्यांच्याखाली लोंबणाऱ्या मंद ताऱ्यांच्या मधोमध लेन्स धरायची. दर पाच-सहा मिनिटांनी चौकट परत जुळवायची, नाहीतर तेजोमेघ कडेला जाऊन पोचतो. फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर लाईव्ह व्ह्यू दहापट मोठं करून हाताने, आणि झाला की रिंगला चिकटपट्टी. रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाईल, २५ एमबीची धरली तर ९०० फ्रेमचे २२ जीबीच्या वर जातात, कार्ड रिकामं करूनच घरून निघा.

या फ्रेम मग डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक बसवायच्या. ४०० फ्रेम जोडल्या की एका फ्रेमच्या तुलनेत सिग्नल (खरा उजेड) आणि नॉइज (दाणेदार कचरा) यांचं प्रमाण २० पट सुधारतं, ४०० चं वर्गमूळ तेवढंच येतं. सोबत झाकण लावून काढलेल्या डार्क फ्रेम आणि लेन्सच्या तोंडावर पांढरं कापड ताणून सकाळच्या उजेडात काढलेल्या फ्लॅट फ्रेम लागतात, पहिल्यांनी सेन्सरचा स्वतःचा कचरा वजा होतो, दुसऱ्यांनी कडेचा काळोख आणि धुळीचे डाग. मी आजोबांच्या धोतराचा तुकडा वापरतो, एकसारखा विणलेला असतो आणि सुरकुती पडत नाही.

ट्रॅकर असला की एक सेकंदाचं दोन मिनिटं करता येतं. विकतचा परवडत नसेल तर बिजागरीचा करा, स्कॉटलंडच्या जॉर्ज हेगने १९७५ मध्ये ही युक्ती छापली होती. दोन फळ्या, मध्ये एक घट्ट बिजागरी, बिजागरीपासून २२८.५ मिमीवर एम ६ चा बोल्ट, तो एका फेऱ्यात १ मिमी सरकतो, तो मिनिटाला बरोबर एक फेरा फिरवला की कॅमेरा बसवलेली वरची फळी आभाळाच्या वेगाने उघडते. गावातला सुतार तासाभरात करून देतो, अंतर मात्र मोजपट्टी घेऊन स्वतः उभं राहून मोजून घ्यावं. हाताने फिरवलं तर २०-३० सेकंदांची फ्रेम बरी येते, मोटर लावली तर आणखी. बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा, आणि आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम २० ते २१ अंशांवर, म्हणजे बहुतेक वेळा धुऱ्यावरच्या कडुनिंबाच्या आड किंवा चुलीच्या धुरात. जागा निवडताना आधी उत्तरेकडे बघा, मग दक्षिणेकडे.

आणि ओलित झालेल्या काळ्या मातीत ट्रायपॉड लावू नका. मी लावला होता. ध्रुव अगदी नीट धरला, तासभर फ्रेम घेतल्या, घरी येऊन पाहतो तर प्रत्येक फ्रेममध्ये तारे थोडे थोडे खाली, कारण एक पाय हळूहळू मातीत उतरत होता. आता तिन्ही पायांखाली फरशीचे तुकडे ठेवतो. जानेवारीत दवाचाही त्रास, मध्यरात्रीनंतर समोरच्या काचेवर बारीक थर चढतो आणि स्क्रीनवर ताऱ्यांभोवती वलयं दिसायला लागली की समजायचं झालं काम. हूड लावा आणि लेन्सला पॉवरबँकवर चालणारी गरम पट्टी गुंडाळा. कापडाने पुसू नका, आणि चन्यात फिरलेल्या हातांनी तर अजिबात नाही, चन्याची आंब काचेला लागलेली बरी नसते.

फोटोत जो लाल रंग येतो तो डोळ्यांना दिसत नाही, नुसत्या डोळ्यांनी एम ४२ राखाडी धुक्याचा ठिपका वाटतो कारण मंद उजेडात आपल्याला रंग कळत नाहीत. लाल असतो तो हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटरचा, आणि साध्या कॅमेऱ्यातला सेन्सरपुढचा फिल्टर त्यातला बराचसा अडवतो. म्हणून काही जण तो फिल्टर काढून घेतात, कॅननने २०१२ मध्ये ६०डीए आणि निकॉनने २०१५ मध्ये डी८१०ए हे खास आकाशासाठीच काढले होते. मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर हा प्रयोग करू नका, पुढच्या लग्नात नवरी गुलाबी निघेल. फिल्टर न काढताही एम ४२ छान येतो, मृगातलाच घोड्याच्या डोक्यासारखा काळा तेजोमेघ मात्र रडवतो. एम ४२ चा गाभा इतका ठळक आहे की लांब फ्रेममध्ये तो जळून पांढरा होतो, तेवढ्यासाठी दोन-तीन सेकंदांच्या काही फ्रेम वेगळ्या घेऊन नंतर मिसळतात.

पौष संपला की लेन्स परत. एप्रिल-मे मध्ये मध्यरात्रीनंतर धनु राशीतले एम ८ आणि एम २० हे तेजोमेघ चांगले वर येतात, पण तेव्हा लग्नांची घाई, आणि उकाड्यात सेन्सरचा नॉइजही वाढतो. जूनच्या सुरुवातीला मृग लागतो, पेरणीची वाट बघणारे सगळे त्याच्याच नावाने आभाळाकडे बघत असतात, पण सूर्यच मृगात असल्यामुळे ते तारे रात्री दिसतच नाहीत. तोवर स्वतःची असेल ती लेन्स घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद करावी, नाहीतर श्रावणापर्यंत काचेत बुरशी धरते.