विजेरीसाठी लिथियम-आयन सेलची निवड

एलईडी विजेऱ्यांत (टॉर्चमध्ये) वापरायचा, पुन्हा चार्ज होणारा लिथियम-आयन सेल निवडताना माप, व्होल्टेज, विद्युतप्रवाह आणि संरक्षक सर्किट या गोष्टी आधी पाहाव्या लागतात. एमएएचमधली (मिलिअँपिअर-तासांतली) क्षमता, म्हणजे सेलमध्ये किती वीज साठते, ती त्यानंतर येते. वेष्टनावर मात्र तोच आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो.

माप नावातच असते: १८६५० म्हणजे १८ मिमी व्यास आणि ६५ मिमी लांबी, २१७०० म्हणजे २१ आणि ७० मिमी. १४५०० हा नेहमीच्या पेन्सिल सेलएवढाच दिसतो आणि तिथेच घात होतो. पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा, तर हा पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टचा. उत्पादकाने तो चालतो असे सांगितले नसेल, तर विजेरीतले सर्किट जळू शकते.

प्रचलित १८६५० सेलची क्षमता फार तर ३,५०० एमएएचच्या आसपास असते. त्यामुळे ९,९०० छापलेला स्वस्त सेल बेधडक खोटा समजावा. अस्सल सेलचे वजन ४५ ते ५० ग्रॅम भरते. नकली पुष्कळदा हाताला हलका लागतो. झगझगीत प्रकाशाच्या विजेरीला मोठा प्रवाह लागतो आणि तो सलग २० अँपिअर देणाऱ्या १८६५० सेलची क्षमता बहुधा २,५०० एमएएचच्या घरात असते. दोन्ही गोष्टी एका सेलमध्ये पुरेपूर मिळत नाहीत.

संरक्षित सेलच्या बुडाशी छोटी सर्किट-चकती असते. अतिचार्ज, अतिउतार (सेल प्रमाणाबाहेर रिकामा होणे) आणि शॉर्ट सर्किट झाल्यास ती सेलचा प्रवाह तोडते. पण तिच्यामुळे १८६५० ची लांबी ६८ ते ७० मिमीपर्यंत जाते आणि काही विजेऱ्यांचे झाकणच लागत नाही. काही विजेऱ्यांना धन टोकावर उंचवटा असलेलाच सेल लागतो.

सेल एकामागे एक बसणाऱ्या विजेरीत ते एकाच बनावटीचे, बरोबरीने वापरलेले आणि सारखे चार्ज केलेले हवेत. नाहीतर कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याच्यातून उलटा दाब देऊन प्रवाह ढकलत राहतो. अशा सेलमधून निघालेला वायू विजेरीच्या धातूच्या बंद नळीत साठला तर स्फोटाचा धोका असतो.

सेलचे अंग ऋण असते. धन टोकाशी वेष्टन फाटले, तर दोन ध्रुवांत फक्त एक पातळ विद्युतरोधक कडी उरते. असा सेल खिशात किल्ल्यांसोबत ठेवू नये.

यूएसबी चार्जिंगच्या काही विजेऱ्यांत दोन्ही ध्रुव एकाच टोकाला असलेला खास सेल येतो. तिथे निवडीला वावच नसतो, बदली सेल त्याच कंपनीकडून घ्यावा लागतो.